दुरुस्त केलेला ओठ

बाबाराव टीसी यांचा एक सिद्धान्त होता, आणि दुर्ग लाइनवरच्या प्रत्येक मराठी घरानं तो कमीत कमी दोनदा चहाबरोबर गिळलेला होता. तिकीट माणसाच्या खिशात नसतं, चेहऱ्यावर असतं, असा तो सिद्धान्त. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याही प्रवाशापुढे एकदम हात केला नाही. आधी नाकावरचा चष्मा कपाळावर चढायचा, मग समोरच्या तोंडाचं अर्धा मिनिट वाचन व्हायचं, आणि त्यानंतर तिकीट मागायचं की नाही ते ठरायचं. एकदा डोंगरगडला त्यांनी एका गृहस्थाला खाली उतरवलं. गृहस्थाजवळ तिकीट होतं. बाबारावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि निकाल दिला, "टिकट बराबर है, लेकिन चेहरा विदाऊट है." ते गृहस्थ पुढे एका हायस्कुलाचे हेडमास्तर निघाले. त्यावर बाबारावांचं इतकंच म्हणणं होतं, की निघू द्या.

चष्मा जवळचं वाचण्याचा होता, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं. तो कपाळावर गेला की लांबचा सिग्नल बाबारावांना लख्ख दिसे, पण हातभर अंतरावरची वस्तू पुसलेल्या पाटीसारखी दिसे. "चष्मा वर गेला का याहिले मी आन् ज्वारीची कोठी सारख्याच दिसतो," असं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरांत बिनदिक्कत सांगत. बाबारावांचं उत्तर तयार असे. अक्षर डोळ्यानं वाचतात, माणूस नजरेनं. या दोन्हींत फरक काय, हे विचारण्याची कुणाची टाप नव्हती, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते बाबाराव लगेच सांगायला लागत.

अशा माणसाच्या घरी लग्नाची मुलगी असणं म्हणजे काय, ते शीलाला विचारावं. शीला मॅट्रिक झाली होती, तीही हिंदी शाळेतून. मराठी तिच्यासाठी उंबऱ्याच्या आतली भाषा होती. उंबरा ओलांडला की हिंदी. तिला आतापर्यंत तीन स्थळं आली. पहिल्याच्या भुवया बाबारावांना हिशेबी वाटल्या. दुसऱ्याची हनुवटी कर्जबाजारी होती. तिसऱ्याच्या कानांत त्यांना पुढेमागे दारू दिसली. तिघांचीही लग्नं दुसरीकडे झाली आणि तिघंही, सत्यभामाबाईंच्या भाषेत, "बायको-लेकरं घेऊन मस्त खाऊन राह्यले."

चौथं स्थळ भाऊराव गार्डानं आणलं. मुलगा पुंडलिक. तुमसरकडच्या शेतकरी घरातला, भिलाईच्या कारखान्यात रेल मिलमध्ये लागलेला, सेक्टरात क्वार्टर मिळालेला. भाऊराव त्याला एकदा चरोद्याला घेऊनही आला होता, पण बाबाराव तेव्हा गाडीवर होते. पुंडलिकनं सत्यभामाबाईंच्या हातचा चहा घेतला, आणि कारखान्यातला रशियन साहेब पहिल्यांदा मिरचीचं भजं खातो तेव्हा काय होतं ते उठून करून दाखवलं. आधी "खरशो, खरशो" म्हणजे छान छान म्हणणारा साहेब, मग गप्प झालेला साहेब, मग पाण्याचा माठ शोधणारा साहेब. सत्यभामाबाईंना ठसका लागला. दाराआडून आणखी एक हसणं आलं, आणि ते आल्याबरोबर पुंडलिकनं रशियन साहेबाला आणखी एक भजं खाऊ घातलं.

शीलानं त्या दिवशी ठरवून टाकलं. पण तिच्या ठरवण्याला त्या घरात किंमत नव्हती. पुंडलिकचा चेहरा वाचला जायचा होता.

"एकडाव पोट्ट्याले नजरेखालून घाला, बाबारावजी," भाऊराव म्हणाला. "मी घेऊन येतो त्याले."

"जित्या मानसाले पाहून काही समजत नाही, भाऊराव. पोरीचा बाप समोर दिसला का जावई गाय होते. मान खाली, डोये खाली. त्यात काय वाचाचं?"

"मंग फोटू आनू?"

"फोटोवाला 'स्माइल' म्हनते. तेही खोटं." बाबारावांनी क्षणभर विचार केला. "त्या प्रदर्शनात त्याचं चित्र हाये म्हनत होते न तुमी? हातानं रंगवलेलं? ते पाह्यतो. चित्राचं तोंड एकडाव बनलं का बनलं. मंग ते कोनाच्या बापाले भेत नाही आन् बदलत बी नाही."

हे शेवटचं वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. बाबारावांनी ठेवलं नाही.

प्रदर्शनाची हकिकत अशी. त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, भिलाईत जे उभं राहत नव्हतं त्याचं भूमिपूजन होत होतं आणि ज्याचं भूमिपूजन होत नव्हतं त्याचं मंडळ स्थापन होत होतं. त्यांतल्याच एका नवनिर्माण कला मंडळानं ठरवलं, की कारखाना उभारणाऱ्या तरुणांची रंगीत चित्रं काढवून घ्यायची आणि सेक्टरातल्या सभागृहात पंधरा दिवस लावायची, म्हणजे पुढच्या पिढ्यांना या पिढीचा स्वभाव कळेल. चित्रकार कलकत्त्याहून यायचा होता. तो आला, आणि उन्हाळा बघून परत गेला. मग सुपेल्याच्या सुखराम पेंटरला बोलावलं.

सुखराम पाट्या रंगवायचा. 'सावधान', 'धीरे चलो', 'टोप पहनो, जान बचाओ.' या तिसऱ्या पाटीमुळे त्यानं आयुष्यात चारशेच्या वर हेल्मेटं काढली होती, आणि हेल्मेटाखाली नावाला एक तोंड. केस काढण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता, हात तर नाहीच नाही. म्हणून प्रदर्शनातल्या सातही तरुणांनी हेल्मेट घातलं होतं, सातांचेही हात खिशात होते, आणि प्रत्येकाच्या डाव्या कानामागून एक धुराडं निघालं होतं. अंगाच्या रंगासाठी सुखरामनं रेलिंगला लावायचा लाल ऑक्साइड वापरला होता. तो गंजू देत नाही.

चित्रांखाली काय लिहायचं ते मंडळाच्या हिंदीच्या गुरुजींनी ठरवलं. प्रत्येकाला एकेक शब्द. 'आशा', 'साहस', 'निष्ठा' असे. चित्रं बघायला गुरुजी गेले नव्हते. त्यांनी घरूनच यादी पाठवली, आणि सुखरामनं ती वरून खाली जशी होती तशी डावीकडून उजवीकडे लिहून काढली.

पहिल्या रविवारी बाबाराव सभागृहात शिरले तेव्हा त्यांच्याबरोबर भाऊराव होता, सत्यभामाबाई आणि शीला होत्या. पंधरा मिनिटांत मागे आणखी वीसेक मराठी माणसं जमली, कारण बाबाराव मोठ्यानं वाचत होते. त्यांची पद्धत ठरलेली होती. चष्मा खाली करून पाटी वाचायची. मग चष्मा कपाळावर, आणि चित्राच्या हातभर जवळ जाऊन चेहरा वाचायचा.

"आशा," त्यांनी पहिली पाटी वाचली. चष्मा वर गेला. "हे पाहा. डोये वर हायेत. समोर पाहून नाही राह्यला तो. पुढचं पाहून राह्यला. दहा वर्षं पुढचं."

"आन् तोंड इतकं लाल कावून हाये?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"रक्त हाये ते! नव्या देशाचं रक्त. आपल्या जमान्यात होतं का असं?"

नव्हतं, असं सगळ्यांनी कबूल केलं. एका म्हाताऱ्यानं स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला.

"हात का बरं खिशात घातले सातही जनायनं?"

"देनारा मानूस हात दाखवत नाही," बाबाराव म्हणाले, आणि गर्दीतल्या दोघांनी आपले हात हळूच खिशात घातले.

तिसरं चित्र कवडूचं. कवडू कोक ओव्हनच्या भट्टीवर होता आणि त्याचं कुटुंबही चरोद्यालाच राहत होतं. पाटी, 'निष्ठा'. चित्रातले त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि मान किंचित उजवीकडे कलली होती. बाबाराव त्या चित्रापुढे इतका वेळ उभे राहिले, की मागच्यांना वाटलं यांना काही होतंय.

"ध्यान," ते शेवटी हलक्या आवाजात म्हणाले. "कामात राहून ध्यान. असा डोया मी सव्वीस वर्षांत पाह्यला नाही. हा मानूस आपल्या बायकोले कधी आवाज चढवून बोलनार नाही."

शीलानं आईकडे पाहिलं. आईनं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

आणि मग पाचवं चित्र आलं. हेल्मेट, धुराडं, खिशातले हात, सगळं इतरांसारखं. फक्त ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेलेला. तिथे पोचेपर्यंत सुखरामचा हात बहुधा हलला असावा. भाऊराव पुढे होऊन म्हणाला, "हा पाहा आपला पुंडलिक."

बाबारावांनी चष्मा खाली केला. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग गर्दीकडे वळले.

"चेष्टा," ते म्हणाले.

मागची माणसं पुढे सरकली.

"पेंटर इमानदार हाये. त्यानं लपवलं नाही." चष्मा वर गेला, बोट ओठाजवळ गेलं. "हा कोपरा पाहा. वर गेला न? चेष्टा करून राह्यला तो. कारखान्याची करून राह्यला. देशाची करून राह्यला. तुमी-आमी समोर उभे हाओ, आपली करून राह्यला. उद्या हा सासऱ्याची करन."

"बाबारावजी, पेंटरचा हात चुकला असन," भाऊराव कळवळून म्हणाला.

"हात चुकला, मंग पाटी बी चुकली का?"

बाबारावांनी तिथंच निकाल देऊन टाकला. पुढच्या रविवारी पुंडलिकचा बाप पंजाबराव पोराचं चित्र पाहायला तुमसरहून येणारच होता. त्याला तोंडावर नाही सांगायचं, आणि सोमवारी कवडूच्या घरी शब्द टाकायचा. "देवानं डोये देल्ले, मंग पाह्यल्यावर कावून थांबाचं?"

परतीच्या गाडीत शीला खिडकीकडे तोंड करून बसली होती. क्वार्टरात आल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून ती आईला घाईघाईत हिंदीतच म्हणाली, "आई, हिंदी में चेष्टा का मतलब वो नहीं होता."

"कोनता नाही होत?"

"चेष्टा मतलब कोशिश. प्रयत्न. मेहनत से करना. आमच्या किताब में पूरा पाठ होता त्याच्यावर. गुरुजीनं त्याले मेहनती म्हटलं, आन् बाबानं..."

सत्यभामाबाईंनी कणकेचा हात तसाच हवेत ठेवला. मग हसावं की रडावं ते ठरेना म्हणून परत कणकेत घातला. "मंग सांग न तुया बाबाले."

"तू सांग न."

सत्यभामाबाईंनी जेवताना सांगून पाहिलं. आडून, दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून. बाबारावांचा घास थांबला.

"सत्यभामा, मले हिंदी शिकवू नको. सव्वीस वर्षं झाले, हिंदीत लोकायले गाडीतून उतरवून राह्यलो मी."

हे खरं होतं. उतरो, दिखाओ, पिछला डिब्बा, पास किधर है. या हिंदीत त्यांचा हात धरणारा लाइनवर कुणी नव्हता. चेष्टा या शब्दाची गरज त्या हिंदीत कधी पडली नव्हती.

"आन् मानून चाललो," ते पुढे म्हणाले, "का शब्दाचा अर्थ दुसरा हाये. ओठाचा अर्थ दुसरा हाये का? ओठ हिंदीत वर जाते आन् मराठीत खाली येते का?"

म्हणजे तोही रस्ता बंद. शीलाला त्या जेवणात एक गोष्ट मात्र कळली. बाबांना खरं सांगून उपयोग नाही, कारण चूक बाबांची असूच शकत नाही. चूक दुसऱ्या कुणाची तरी करून द्यावी लागेल, आणि तीही बाबांनी स्वतः पकडली पाहिजे.

गुरुवारी ती आईबरोबर सुपेल्याच्या बाजाराला गेली. आई वांगी निवडत असताना ती सुखरामच्या टपरीपुढे जाऊन उभी राहिली. सुखराम एका हेल्मेटाला चमक देत होता.

"भैया, पाँचवें चित्र के नीचे 'चेष्टा' लिखा है न? उसको 'प्रयत्न' कर दो."

सुखरामनं ब्रश थांबवला. "मतलब एके हे का, दीदी?"

"एक ही है."

"एके बात हे त काबर बदलों?" अर्थ एकच तर बदलायचं कशाला, म्हणून त्यानं डोकं खाजवलं. "अऊ एके बात नइ हे त गुरुजी मोला मारही."

हा पेच बिनतोड होता. शीलानं सरळच सांगून टाकलं. "हिंदी में एक ही बात है, भैया. मराठी में मेरी शादी टूट रही है."

सुखरामनं सगळं ऐकून घेतलं. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल, हे कळल्यावर तो आधी दचकला आणि मग गालातल्या गालात हसायला लागला. हसता हसता त्याच्या हातातला ब्रश बनियनला पुसला गेला.

"फेर बाबूजी गलत कहाँ पढ़िस, दीदी? ओ टूरा त सहीच म हाँसत रहिस." त्या पोराला समोर बसवून तीन दिवस काढायचं होतं, सुखराम सांगू लागला, आणि तीनही दिवस त्यानं मला हसवून हसवून बेजार केलं, ओठ एक मिनिट जागेवर राहिला असेल तर शपथ. "रेलगाड़ी के एक झन टीसी के नकल करे. चश्मा ल अइसे माथा म चढ़ाय," त्यानं ब्रशच कपाळावर नेला, "अऊ कहे, टिकट बराबर हे, फेर तोर चेहरा विदाऊट हे!"

शीलानं मनातल्या मनात हिशेब लावला.

म्हणजे पुंडलिक तुमसरहून येता-जाता बाबांच्या गाडीत बसलेला होता. बाबांनी त्याचा चेहरा वाचलेला होता, कदाचित दोन-तीनदाही, आणि वाचून विसरलेला होता. तो मात्र बाबांचा चेहरा विसरला नव्हता. आणि रविवारी सभागृहात बाबांनी शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला, चष्मा नको तेव्हा कपाळावर नेला, आणि या सगळ्या चुकांतून जे निघालं ते अक्षर न अक्षर खरं होतं. हा सासऱ्याची चेष्टा करन. तो करतच होता.

रंगाचा रिकामा डबा उपडा पडलेला होता, त्यावर शीला बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आई वांग्यांची पिशवी घेऊन आली तेव्हाही ती हसत होती.

"काय झालं वं?"

"काही नाही," शीला म्हणाली. "आई, आता तं हाच पाहिजे." मग सुखरामकडे वळून, "भैया, शनिवार तक कर दोगे न? अऊर बाबूजी कुछ भी पूछे, तो बस हाँ बोलना."

"हव," सुखराम म्हणाला. "कवडू वाले ल घलो बदलना हे का? ओ त रात पाली के बाद आके बइठे-बइठे सुत गे रहिस. मैं जइसे दिखिस वइसे बना देंव."

कवडूची निष्ठा रात्रपाळीनंतरची झोप होती, हे ऐकून शीलानं थोडा विचार केला. "नको," ती म्हणाली. "सोने दो उसको."

दुसऱ्या रविवारी गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट होती. बाबाराव टीसी चित्रं वाचून सांगतात, ही बातमी चरोद्यापासून राजनांदगावपर्यंत गेली होती. पंजाबराव धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला मोठा रुमाल बांधून आला होता, आणि पोराच्या चित्रापुढे उभा राहून एकच प्रश्न विचारत होता, की याच्या कानातून धूर कावून निघून राह्यला. शीला आईच्या मागे उभी होती. तिच्या हातातल्या रुमालाची पिळून पिळून वात झाली होती. पाटी बदललेली होती, ते तिनं शिरल्याशिरल्या पाहून घेतलं होतं. पण बाबा आज पाटी वाचतील का, की गेल्या रविवारचंच पाठ म्हणतील? आणि वाचली, तर?

बाबाराव पाचव्या चित्रापुढे आले. पंजाबरावला त्यांनी नमस्कार केला, तो वाईट बातमी देणाऱ्या माणसाचा नमस्कार होता. घसा साफ केला.

"पंजाबराव, मानूस खोटं बोलते, पन चित्र..." असं म्हणत त्यांनी सवयीनं चष्मा खाली केला. पाटीवर नजर गेली. 'प्रयत्न.'

घसा पुन्हा साफ झाला. चष्मा वर गेला. बाबाराव चित्राच्या हातभर जवळ गेले, मग अर्धा हात. शीलानं डोळे मिटून घेतले.

"पेंटर कुठी हाये?" बाबारावांनी विचारलं.

सुखराम दाराशीच उभा होता. तो हात पुसत पुढे आला.

"तुमने होठ बदला है न?"

सुखरामनं बाबारावांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि मग एक क्षण शीलाकडे. "हव, बाबूजी," तो म्हणाला.

"मैं बोला था न!" बाबाराव गर्दीकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात आठ दिवसांपूर्वीचा दम परत आला. "मागच्या ऐतवारी मी काय म्हटलं होतं? कोपरा वर गेला, म्हटलं. पेंटरनं ऐकलं, ओठ दुरुस्त केला. आता पाहा! आता कोपरा वर नाही. आता दाबलेला हाये. दात आवयून काम करनाऱ्याचा ओठ असा राह्यते. हा पाहा प्रयत्न!"

वीस-पंचवीस माणसं पुढे झुकली आणि त्या ओठात प्रयत्न पाहू लागली. बऱ्याच जणांना तो दिसला. एकाला तर भुवयांतही दिसला.

इथे भाऊरावनं घोटाळा केला. भला माणूस, चांगलं होत असलं की त्यात आपणही हात लावावा असं त्याला वाटे. "पन बाबारावजी," तो म्हणाला, "पयले तं इथं पाटीच दुसरी होती न? चेष्टा का काय..."

सत्यभामाबाईंनी भाऊरावच्या पायावर पाय ठेवला, पण तो गार्डचा बूट होता, त्याला काही कळलं नाही.

बाबारावांनी भाऊरावकडे पाहिलं. दया येऊन पाहिलं.

"भाऊराव," ते म्हणाले, "पाटी वाचनारे दुसरे. मी पाटी वाचतच नाही. मी चेहरा वाचतो."

आणि त्यांनी पंजाबरावच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग पोट्टा कसा वाटते, बाबारावजी?" पंजाबरावनं भीत भीत विचारलं.

"सोनं हाये. आता पाहा, तो तिसऱ्या नंबरचा पोट्टा," त्यांनी मान कवडूच्या चित्राकडे वळवली, "त्याचे डोये बी चांगले हायेत. पन ध्यान करनारा मानूस संसारात काय कामाचा? आमाले प्रयत्न करनारा पाहिजे."

कवडू स्वतः त्या दिवशी सभागृहात होता. तो आपल्या चित्राखालच्या बाकावर बसला होता, मान किंचित उजवीकडे, डोळे अर्धे मिटलेले. लोक चित्राकडे पाहत, मग त्याच्याकडे पाहत, आणि सुखरामच्या कलेला नमस्कार करून पुढे जात.

लग्न वैशाखात झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त पंक्तीत बाबाराव प्रत्येक पाहुण्याला सांगत फिरत होते, की जावई शोधावा कसा हे आमच्याकडून शिका. आधी पेंटरकडून काढवून घ्या, चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्या, आणि मग हुंडा-बिंड्याचं नावही काढू नका.

पहिल्या सणाला लेक-जावई चरोद्याला आले. दुपारी जेवणानंतर बाबाराव पुढच्या खोलीत आडवे झाले होते. मागच्या अंगणातून हसणं आलं. आधी दाबलेलं, मग न दाबता आलेलं. ते उठून मधल्या दारापर्यंत गेले. चष्मा झोपेत कपाळावर सरकलेलाच होता, आणि अंगण बारा-पंधरा हात लांब होतं, तेव्हा एकदाचं त्यांना सगळं स्वच्छ दिसलं.

सत्यभामाबाई पदराचा बोळा तोंडात धरून पाटावर बसल्या होत्या. शीला भिंतीला टेकून पोट धरून उभी होती. आणि मध्ये पुंडलिक, सासऱ्याचाच जुना काळा कोट घालून, सत्यभामाबाईंचा चष्मा कपाळावर चढवून, माठाच्या तोंडाकडे अर्धा मिनिट टक लावून बघत होता. मग त्यानं माठापुढे हात केला.

"टिकट बराबर है," तो माठाला म्हणाला, "लेकिन चेहरा विदाऊट है."

शीलाला पहिल्यांदा दारातले बाबा दिसले. तिचं हसणं जागच्या जागी मेलं. सत्यभामाबाईंच्या तोंडातला पदर गळून पडला. पुंडलिकचा हात माठापुढे तसाच राहिला, ओठाचा डावा कोपरा वर.

बाबाराव त्या कोपऱ्याकडे बघत होते. चांगला अर्धा मिनिट.

"पाह्यलं का, शीला?" ते शेवटी म्हणाले. "पाह्यलं का, सत्यभामा? पोराले आमी काय सांगितलं बी नाही, तरी तो आपल्या मनानं आमची विद्या शिकून राह्यला. याले म्हन्ते प्रयत्न!"

ते धोतराचा सोगा सावरत अंगणात उतरले, जावयाजवळ गेले आणि त्याच्या कपाळावरचा चष्मा दोन बोटं वर सरकवला.

"चष्मा इतका खाली नाही, जावईबापू. आन् हात इतक्या लवकर पुढे कराचा नाही. आधी मानसाले घाम येऊ द्याचा." त्यांनी माठाकडे बोट केलं. "हं. करा परत."

पुंडलिकनं शीलाकडे पाहिलं. शीलानं अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. मग त्यानं सासऱ्याला नमस्कार केला आणि माठाकडे वळून, अगदी मनापासून, परत केलं.